हातउसने शब्द

आईला पक्षाघाताचा झटका येऊन अठरा दिवस झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले होते, पण त्याहून आम्हाला अधिक हादरवून गेली ती तिची गेलेली वाचा. ती शुद्धीवर होती, आम्हाला ओळखत होती, आमचे बोलणे तिला बरेचसे कळतही होते, मात्र ती बोलू लागली की "ते... ते... ते" याखेरीज तोंडातून काहीच बाहेर पडत नसे, आणि आपलाच आवाज ऐकून ती चकित झाल्यासारखी गप्प होई. पाणी हवे आहे, उशी सरकवायची आहे की खिडकी लावायची आहे, हे ओळखण्याचा खेळ आम्ही दिवसभर खेळत असू आणि त्यात बहुधा आम्हीच हरत असू.

त्या रात्री मी तिच्या उशाशी बसून, केवळ सवयीने, बायबलमधले स्तोत्र २३ म्हणायला घेतले. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथपर्यंत येऊन मी श्वास घेण्यासाठी थांबले, तेव्हा पलंगावरून जड, अडखळता, पण स्पष्ट आवाज आला: "मला काही उणे पडणार नाही." मी आधी मागे वळून पाहिले, दादा खोलीत आला असेल असे वाटून. खोलीत आम्हा दोघींशिवाय कोणीच नव्हते. मी पुढची ओळ सुरू केली आणि आई हिरव्यागार कुरणापर्यंत, संथ पाण्यापर्यंत माझ्यासोबत आली. पाचव्या वचनापाशी तिची जीभ थकली. त्यानंतर मी तिला विचारले, "आई, पाणी देऊ?" तेव्हा उत्तर आले, "ते... ते..."

दुसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा जाते तेव्हा नवे वाक्य जुळवण्याची शक्ती हरवते, पण वर्षानुवर्षे घोकून पक्के झालेले आकडे, वारांची नावे, गाणी आणि प्रार्थना पुष्कळदा शाबूत राहतात, असे त्यांनी समजावून सांगितले. हा चमत्कार नव्हता तर. मला क्षणभर वाईट वाटले आणि मग त्या वाईट वाटण्याचीच लाज वाटली. साठ वर्षांपूर्वी संडे स्कूलमध्ये कोणीतरी एका लहान मुलीकडून सहा वचने पाठ करून घेतली आणि तिचे स्वतःचे सगळे शब्द गेले त्या दिवशी ती सहा वचने जागेवर सापडली, ही गोष्ट चमत्काराच्या यादीत बसत नसली तरी कृपेच्या यादीत बसायला मला काही अडचण दिसत नाही.

आज मी लिहीत आहे ते मात्र आईपेक्षा माझ्याविषयी अधिक आहे, कारण तिची वाचा गेली त्याच सुमारास माझी प्रार्थनाही आटली होती. मी लहानपणापासून मंडळीत वाढले. उभी राहून दहा मिनिटे उत्स्फूर्त प्रार्थना करणे मला कधी जड गेले नाही. पण त्या दिवसांत डोळे मिटले की आत काहीच सापडत नसे. "प्रभू" एवढा शब्द निघे आणि पुढे नुसता औषधांचा हिशोब सुरू होई: सकाळची गोळी, रक्तदाबाची नोंद, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे. मी देवावर रागावले होते असेही नाही. रागावायला जी ताकद लागते तीसुद्धा उरली नव्हती.

भेटायला येणारी माणसे प्रेमाने वचने घेऊन येत. फोनवरही येत, फुलांच्या आणि सूर्योदयाच्या चित्रांवर छापलेली. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, तरीही स्पष्टच लिहिते की त्यांतल्या बहुतेकांनी मला काडीचाही आधार दिला नाही, आणि काहींनी उलट एकटे पाडले. 'देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे प्रेषित पौलाचे, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले वाक्य लुळ्या हाताशेजारी ऐकवले जाते तेव्हा ते सांत्वन राहत नाही, ती सूचना होते: रडू नका, हे बरेच चालले आहे. याच पौलाने त्याच पत्रात चार अध्यायांनंतर 'रडणाऱ्यांबरोबर रडा' असेही लिहिले आहे. पण ते वाक्य सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले मी अजून पाहिलेले नाही.

पुढे मला उमगले की दोष वचनांचा नव्हता, ती तोडून घेण्याच्या सवयीचा होता. बायबल लिहिणाऱ्यांनी आकडे घालून लिहिले नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात पडले, आणि नव्या करारातले वचनांचे सध्याचे क्रमांक तर रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या ग्रीक आवृत्तीत पहिल्यांदा आले. संदर्भ शोधायला ही सोय उत्तमच आहे, पण तिच्यामुळे पत्रातले एक वाक्य उचलून त्याचे ताईत करणेही सोपे झाले.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे देव तिथे म्हणतो. हे वचन मला त्या महिन्यात निदान सहा जणांनी पाठवले असेल. एका रात्री चिडूनच मी पूर्ण अध्याय काढला. ते एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी ५९७ साली जेरुसलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते धाडले, आणि त्यात त्या अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे छातीठोकपणे सांगतो, आणि तो खोटा ठरतो. यिर्मया मात्र म्हणतो, घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा. हे वाचून मला आश्चर्यकारक रीतीने बरे वाटले. दोन वर्षांत सर्व ठीक होईल, असे मला तोवर अनेक हनन्यांनी सांगितले होते. लांब पल्ल्याचे काम आहे, इथेच घर मांडा, असे सांगणारा यिर्मया पहिलाच. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या खोलीतले फर्निचर हलवून आईचा पलंग कायमचा तिथे लावला.

तेव्हापासून मी सुटी वचने घेणे थांबवले आणि स्तोत्रे पूर्ण वाचू लागले. स्तोत्रसंहितेला हिब्रूत जे नाव आहे त्याचा अर्थ 'स्तुती' असा होतो. एकंदर दीडशे स्तोत्रे, आणि गंमत अशी की 'स्तुती' या मथळ्याखालच्या या संग्रहात सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आणि तक्रारीचा आहे. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे, पण पहिल्या दोन वचनांतच 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर माझ्या वैऱ्याची सरशी होणार. शेवटी त्यात विश्वासाचा सूर येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तोही येत नाही. ते अंधारात सुरू होते आणि त्याचा शेवटचा शब्दही अंधार हाच आहे. कोणी मागाहून त्याला गोड शेवट जोडलेला नाही.

मी ते स्तोत्र पहिल्यांदा मोठ्याने वाचले तेव्हा मला चोरून काहीतरी करत असल्यासारखे वाटले. उपासनेत ते वाचल्याचे मला आठवत नाही. पण ते शास्त्रात आहे, आणि शास्त्रात आहे याचा अर्थ माझ्या लेखी हा की देवाशी असे बोलण्याची परवानगी देवानेच लेखी देऊन ठेवली आहे. शिवाय एक बारकावा असा की या स्तोत्राचा कर्ता देवाविषयी दुसऱ्या कोणाकडे कुरकुर करत नाही. तो रात्रंदिवस देवालाच हाक मारतो. तक्रार ज्याच्याविरुद्ध, दादही त्याच्याकडेच. नाते तुटलेल्या माणसाला एवढे भांडता येत नाही.

त्या दिवसांत मला समजले की मला बळ हवे होते त्याआधी शब्द हवे होते. माझ्याजवळचे संपले होते आणि इथे कोणीतरी, माझ्याआधी अडीच-तीन हजार वर्षे, माझ्या स्थितीचे शब्द तयार करून ठेवले होते. ते मी हातउसने घेतले. हातउसन्या पैशाला जसे व्याज नसते, कागद नसतो, केवळ ओळखीवर ते मिळतात, तसेच. प्रार्थना स्वतःच्या शब्दांत केली तरच खरी, अशी माझी समजूत होती. आता मला तिच्यात थोडा गर्व दिसतो.

कारण शास्त्रातली माणसेच हे उसने घेत आली आहेत. समुद्रात फेकला गेलेला योना संदेष्टा माशाच्या पोटातून जी प्रार्थना करतो तिच्यात स्तोत्रांतले कितीतरी वाक्प्रचार जसेच्या तसे सापडतात. बुडणारा माणूस नवे काव्य रचत बसला नाही, पाठ असलेले आठवेल तसे म्हणत गेला. आणि वधस्तंभावर प्रभू येशूने मोठ्याने केलेला आक्रोश, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?", ही बाविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ आहे. शुभवर्तमानात लूकने नोंदवलेले त्याचे अखेरचे शब्द, आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे, तेही एकतिसाव्या स्तोत्रातून आलेले. ज्याला विश्वासणारे साक्षात देवाचा शब्द म्हणतात, त्याने मरणाच्या वेळी आपल्या लोकांच्या प्रार्थनेतले शब्द घेतले. हे मला माहीत नव्हते असे नाही. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ऐकले होते. पण रात्री तीन वाजता, आईची कूस बदलून झाल्यावर, पलंगाच्या कडेवर बसून तेच वाचले तेव्हा मी बराच वेळ पान उलटू शकले नाही.

आदल्या रात्री गेथशेमाने बागेतही तो तीनदा प्रार्थना करतो, आणि मत्तय एक साधी नोंद करतो की तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा तेच शब्द उच्चारले. तेच शब्द पुन्हा म्हणण्यात कमीपणा नाही, हे मी तिथून शिकले.

ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती बिशपाचे उदाहरणही मी कधी विसरत नाही. त्याने आयुष्यभर इतके लिहिले की ते सगळे वाचून काढणे एखाद्याला आवाक्याबाहेरचे वाटावे. पण इसवी सन ४३० मध्ये, हिप्पो नगराला वेढा पडलेला असताना तो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने स्वतःचे काहीच मागितले नाही. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्याने ती पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत तो रडत असे, असे त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो. आमच्या घरी आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आता मोठ्या अक्षरांत तेविसावे स्तोत्र आहे. ही कल्पना माझी नाही, हे वेगळे सांगायला नको.

बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाबद्दल थोडेसे. जेरुसलेम उद्ध्वस्त झाल्यावरचे हे पाच अध्याय. त्यांतले पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत. बावीस अक्षरे, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत बावीस-बावीस वचने, आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे सहासष्ट. आपल्याकडे कोणी 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने एकेका अक्षरावर दुःख बांधावे, तसे. पूर्वी मला हे कृत्रिम वाटायचे. आता वाटते, सगळे शहर कोसळलेले असताना त्या कवीच्या हाताशी निदान अक्षरांचा क्रम तेवढा न ढासळलेला होता आणि त्याने तोच धरला. पाचव्या अध्यायात वचने बावीसच आहेत, पण तो क्रमही सुटलेला आहे. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वाक्य बरोबर मधल्या अध्यायात येते आणि त्यानंतर विलाप पुन्हा सुरू होतो. आशेची ओळ सापडली की दुःख संपायला हवे, असा आग्रह हे पुस्तक धरत नाही.

मी वाचते कशी, असे एका मैत्रिणीने विचारले होते. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचे रात्रंदिवस 'मनन' करणारा माणूस येतो. त्या जागी जे हिब्रू क्रियापद आहे, 'हागा', त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे, घशातल्या घशात आवाज करणे असा आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर पंजा ठेवून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तेच क्रियापद वापरले आहे. मनन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे शांत खोली, मिटलेले डोळे आणि सरळ पाठ येई, आणि यांपैकी माझ्या वाट्याला त्या वर्षी काहीच नव्हते. पुटपुटणे मात्र जमण्यासारखे होते. चादर बदलताना, औषधाची वाटी विसळताना, व्हीलचेअरचे ब्रेक लावताना. एकच स्तोत्र मी आठ-दहा दिवस चालवते. पहिले दोन दिवस ते नुसते तोंडात असते, मग केव्हातरी भांडी घासताना एखादा शब्द दाताखाली खड्यासारखा येतो आणि तिथे मी थांबते.

तेविसाव्या स्तोत्रात असाच एक खडा मला इतक्या वर्षांनी लागला. पहिल्या तीन वचनांत देवाचा उल्लेख 'तो' असा आहे: तो मला कुरणात बसवतो, तो संथ पाण्यावर नेतो, तो जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि नेमके तिथे 'तो' जाऊन 'तू' येतो: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." कुरणात असताना ज्याच्याविषयी बोलत होते, त्याच्याशी दरीत शिरल्यावर बोलू लागते. मराठीत 'तू' आपण देवाला म्हणतो आणि आईला म्हणतो. मी व्हीलचेअरच्या मागे उभी राहून हे पुटपुटत होते आणि तो 'तू' नक्की कोणाला उद्देशून निघाला, ते मलाही नीट कळले नाही.

इथे एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्तोत्रांनी माझी झोप भरून निघाली नाही. साडेतीन महिन्यांनंतर एका सकाळी मी भिंतीला टेकून विनाकारण रडू लागले, तेव्हा पाळकसाहेबांच्या पत्नीने माझ्याशी एक शब्दही न बोलता मला आत नेऊन झोपवले आणि दिवसभर आईपाशी त्या थांबल्या. मला नंतर एलीया संदेष्टा आठवला. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रतामाच्या झाडाखाली बसून 'आता पुरे' म्हणत मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. चाळीस दिवसांची वाटचाल आणि होरेब डोंगरावरची देवाची ती शांत, मंद वाणी हे सगळे त्यानंतरचे. थकलेल्या माणसाला वचन देण्याआधी झोपू द्यावे, हे त्या अध्यायात इतके सरळ लिहिलेले असताना आम्हा विश्वासणाऱ्यांना ते दिसत कसे नाही, हे मला कोडेच आहे. फिजिओथेरपी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पाळीपाळीने जागणारी माणसे यांच्या जागी बायबल उभे करणाऱ्यांशी मी आता वाद घालते, आणि जरा मोठ्या आवाजातच घालते.

आई बरी झाली का, असे वाचणाऱ्याच्या मनात येईलच. ती काठी धरून चार पावले टाकते. उजवा हात तसाच आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' असे उत्तर मिळाले. यातल्या 'पुरे' या शब्दाशी माझे अजून पूर्ण जुळलेले नाही. काही दिवस तो शब्द मला कंजूस वाटतो. काही दिवस, विशेषतः रात्र नीट पार पडून उजाडते तेव्हा, तो अगदी मोजून दिलेला आणि बरोबर वाटतो, रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून पडणाऱ्या मान्ना या अन्नासारखा, जो त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे आणि हव्यासाने उद्यासाठी ठेवला तर किडत असे. ज्या दिवशी मला नुसते बसून राहण्यापलीकडे काही जमत नाही, त्या दिवशी उसने शब्दही मी आणत नाही. शब्दांत न मांडता येणाऱ्या कण्हण्यानेही आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, त्यावर विसंबते.

आईची स्वतःची म्हणावीत अशी आता तीसेक शब्दांची पुंजी झाली आहे. त्यांत दादाचे नाव आहे, "नको" आहे, आणि "बाई गं" आहे, जे तिला हव्या त्या प्रत्येक ठिकाणी ती वापरते. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आम्ही तेविसावे स्तोत्र म्हणतो. काल ती चौथ्या वचनात "तुझी" म्हणून अडली. पुढचा शब्द 'आकडी', म्हणजे मेंढपाळाच्या हातातली काठी, तो तिला नेहमीच छळतो. मी थोडा वेळ थांबले आणि मग हळूच "आकडी" असे सुचवले. तिने डावा हात उचलून मला गप्प केले, चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी, शाळेत मुलांचे पाठांतर घेत असे तेव्हाची. मग डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली: "परमेश्वर माझा..."